चार वर्षांची मांजर, वन बीएचके आणि येता शनिवार: पहिले पंधरा दिवस तिला ठेवायचं कुठे?

तिसरा_मजला | सोमवार, रात्री १०:१५

येत्या शनिवारी आमच्याकडे मांजर येतेय. पिल्लू नाही. चार वर्षांची, नसबंदी झालेली, करड्या पट्ट्यांची देशी मांजर. आधीचं कुटुंब परदेशी चाललंय. तिथे ती कायम फ्लॅटमध्येच होती, बाहेर कधी सोडलेली नाही. नाव शेवंती.

घर डोंबिवलीत, तिसरा मजला, वन बीएचके. माणसं चार: आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई हॉलमध्ये झोपतात. घरात मांसाहार शिजत नाही. जिथे वाचावं तिथे एकच सल्ला, नव्या मांजराला पहिले काही दिवस वेगळी खोली द्या. अहो, वेगळी खोली असती तर आधी मीच नसते का गेले राहायला?

तर वन बीएचकेत ही खोली काढायची कुठून? बाथरूम, स्वयंपाकघर की बेडरूम? की सरळ हॉलमध्ये सोडावं, होईल सवय? गणपतीला सहा आठवडे आहेत आणि तेव्हा घरात माणसांची रीघ असते, म्हणून आत्ताच आणतोय.

कोनाडा | सोमवार, रात्री १०:५२

हॉलमध्ये सोडू नका. चारशे फुटांचं घर आपल्याला खुराडं वाटतं, तिच्यासाठी ते अख्खं परकं गाव असतं.

मांजर माणसाचं नसतं, घराचं असतं असं जुने लोक म्हणतात, त्यात तथ्य आहे. गाल, हनुवटी, पंजे घासून ते चौकटींना आणि फर्निचरच्या कोपऱ्यांना स्वतःचा वास लावत असतं. तोच त्याचा नकाशा. तुमच्या घरात तो नकाशा कोरा, वर सकाळच्या फिनेलचा वास. मग ती जिथे पाठ भिंतीला टेकेल आणि तीन बाजू बंद असतील अशा सांदीत शिरते. ती सांदी तुम्ही आधीच तयार ठेवलीत तर खोक्यात शिरेल, नाहीतर ट्रॉलीच्या मागे. मग दोन दिवस तुम्ही आणि टॉर्च.

जागा जितकी लहान तितका वास लवकर बसतो. सहा बाय आठ फूट भरपूर झाले. खोली नसली तरी चालेल, बंद होणारं दार हवं. त्यात दडायला एक खोकं, लिटर बॉक्स (शू-शीसाठी माती भरलेला डबा), पाणी, खाणं आणि नखं घासायला काहीतरी. खाणं आणि लिटर समोरासमोरच्या कोपऱ्यांत. आपण तरी संडासात ताट घेऊन बसतो का?

ओसरी_दोन | सोमवार, रात्री ११:०५

बाथरूम द्या. दार आहे, धुता येतं, लपायला सांदी नाही. विषय संपला.

चिमटा | सोमवार, रात्री ११:२०

@ओसरी_दोन, विषय तिथेच सुरू होतो. चार माणसांच्या घरात सकाळी सहा ते नऊ बाथरूमसमोर रांग असते. दर दहा मिनिटांनी दार, बादली, फ्लश. फरशी ओली, आणि ओल्या फरशीवर मांजर पाय ठेवत नाही. लपायला सांदी नाही हा फायदा आपला, तिचा तोटा.

सगळ्यात वाईट म्हणजे डक्टकडची खिडकी. काचेच्या पट्ट्या पंजाने सरकतात, काही ठिकाणी एक्झॉस्ट फॅनचं नुसतं भोक असतं. जिथे डोकं जातं तिथे मांजर जातं. डक्टमध्ये पडलेलं मांजर काढायचं तर शेवटी अग्निशमन दलालाच बोलवावं लागतं.

पावशेर | सोमवार, रात्री ११:२८

हॉल सासूबाईंना, बेडरूम मांजराला, स्वयंपाकघर तुम्हाला. मुलाला होस्टेल. सुटला प्रश्न.

लंगडी_पळी | मंगळवार, सकाळी ७:४०

वर फिनेलचा उल्लेख आलाय म्हणून, हे जागेच्या आधी बघा. फिनॉल वर्गातली रसायनं मोडून बाहेर टाकायची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी असते. फरशीवरचं फिनेल पंजाला लागतं, पंजा चाटला जातो, थेट पोटात. डेटॉलचंही तसंच. शुक्रवारपासूनच फरशी साध्या पाण्याने आणि किंचित भांड्यांच्या साबणाने पुसा.

पॅरासिटामॉलही याच कारणाने विष, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. कपाटातल्या डांबरगोळ्या आणि देवघरातला कापूर डबाबंद. फुलदाणीत लिली असेल तर आजच बाहेर: पाकळी, पान, अंगावर पडलेले परागकण, काहीही चाटलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मनीप्लांट तितका घातक नाही, पण तोंडाची आग करतो, उंच टांगा. कुत्र्यांसाठीची गोचिडाची औषधंही नकोत. त्यातलं परमेथ्रिन मांजरांना झटके आणतं.

धुक्यातली_एसटी | मंगळवार, सकाळी ९:१०

वाचनखूण साठवली आहे.

अर्धा_कप | मंगळवार, सकाळी ११:३५

लिटर बॉक्सबद्दल. दुकानात मिळणारे बहुतेक बॉक्स पिल्लांच्या मापाचे असतात. लांबी मांजराच्या दीडपट हवी (नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजायचं). भांड्यांच्या दुकानातला धुण्याचा आयताकृती टब घ्या, मिळेल तितका लांब, निदान तळाशी ५० बाय ३५ सेंटिमीटर. एक बाजू जमिनीपासून १० सेंटिमीटरवर कापा, कड घासून गुळगुळीत करा. झाकणवाले बॉक्स दिसायला छान, पण आत वास कोंडतो आणि धास्तावलेल्या मांजराला बाहेरचं दिसत नाही.

आत बेंटोनाइट (ओल लागली की गोळा होणारी माती), बिनवासाचं, ५ ते ७ सेंटिमीटर जाड. वरच्या मापाच्या टबाला ५ सेंटिमीटरच्या थराला आठेक किलो लागतं. म्हणून ५ किलोची पिशवी आणून तळ झाकेल इतकंच टाकतात लोक. मग शू तळाला चिकटते, वास सुटतो आणि मांजर गादी शोधतं. दोष मांजराला.

दिवसातून दोनदा चाळा. तब्येत ठीक असेल तर शूचे दोन ते चार गोळे दिसतात. आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतो. गोळे कमोडमध्ये टाकू नका, बेंटोनाइट पाइपमध्ये फुगून बसतं.

आणि आधीच्या घरी जे लिटर होतं तेच पहिला महिना. टोफू लिटर की लाकडाच्या गोळ्या, ही चर्चा नंतर.

कोनाडा | मंगळवार, दुपारी १२:०४

+१. शिवाय आधीच्या घरून वापरलेल्या लिटरच्या दोन मुठी मागून आणा आणि नव्यात मिसळा. सोबत तिची न धुतलेली चादर, रोजचं भांडं, चालू असलेल्या खाण्याची पिशवी, लसीकरणाचं पुस्तक. आणि तिला जेवायला नेमकी काय हाक मारतात, ती कोणत्या सुरात, हेही ऐकून या. चादर धुवायची नाही. सासूबाईंना आधीच सांगा.

तिसरा_मजला | मंगळवार, दुपारी १:३०

सासूबाईंना चादरीचं पटलंय, पण लिटरच्या दोन मुठींबद्दल अजून बोललेले नाही. त्यांचा प्रश्न: दूध-भात, दही-भात देऊन भागणार नाही का?

पावशेर | मंगळवार, दुपारी १:४१

मांजर डोळे मिटून दूध पितं इथपर्यंत म्हण बरोबर आहे. पुढे काय होतं ते म्हणीत नाही, ते अर्धा_कप यांच्या टबात सापडतं.

लंगडी_पळी | मंगळवार, दुपारी २:१५

पावशेर थट्टेत म्हणालेत, पण खरं आहे. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. दही-भाताने पोट भरेल, गरज भागणार नाही. टॉरिन नावाचं आम्ल मांजराला मांसातूनच मिळवावं लागतं, त्याचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं की हृदयाचा स्नायू ढिला होतो, डोळ्याचा पडदा खराब होतो. हे महिनोन्‌महिने दिसत नाही, म्हणूनच 'आमचं मांजर दूध-भातावर ठणठणीत' असं लोक सांगत असतात.

तुमच्या घरात शिजत नाही तर शिजवू नका. तयार सुकं खाणं आणि ओली पाकिटं यावर मांजर उत्तम राहतं, फक्त पाकिटावर 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं बघा. चार किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात, म्हणजे सुकं खाणं ५० ते ६० ग्रॅम. वाटीने मोजू नका, वजनकाट्याने मोजा.

ब्रँड बदलायचा असेल तर पहिल्या तीन आठवड्यांत नाही. पुढे बदलताना पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण असं आठ-दहा दिवसांत. पाणी पसरट भांड्यात, खाण्यापासून चार-पाच फूट लांब. अरुंद वाटीत मिशा टेकलेल्या अनेकांना आवडत नाहीत.

ओसरी_दोन | मंगळवार, दुपारी २:५०

सुकट, बोंबील?

किनारा | मंगळवार, दुपारी ३:१०

मडगावहून. सुकी सुंगटं (कोळंबी), बोंबील यांत मीठ बरंच असू शकतं. वासासाठी चिमूटभर ठीक, जेवण म्हणून नाही. कच्ची मासळी रोज नको, काही माशांमधलं द्रव्य ब १ जीवनसत्त्व मोडतं. आणि कालवणातला तुकडा म्हणजे कांदा-लसूण आला. कांद्या-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

खिडकीबाई | मंगळवार, रात्री ९:२५

तिसरा मजला म्हणालात. खिडक्यांना काय आहे?

तिसरा_मजला | मंगळवार, रात्री ९:४०

हॉलला बॉक्स ग्रिल, बेडरूमला सरकत्या काचा आणि डासांची जाळी. बाल्कनीला कबुतरांची नायलॉन जाळी. मुख्य दाराला बाहेरून सेफ्टी डोअर.

खिडकीबाई | मंगळवार, रात्री १०:०८

चारही ठिकाणी भोक आहे.

बॉक्स ग्रिलच्या गजांत चार-पाच इंच अंतर असतं, चार किलोचं मांजर त्यातून आरामात पलीकडे. डासांची सरकती जाळी पंजाने ढकलली की रुळातून निघते, जाळीसकट मांजर खाली. कबुतरांची जाळी कबुतरांसाठीच असते: नायलॉन दाताने तुटतं, कोपऱ्यात बोटभर फट असतेच, आणि एक हुक निसटला की फूटभर झोळ पडतो. सेफ्टी डोअरच्या नक्षीतून तर डोकं सहज जातं.

कायमचा उपाय म्हणजे एक इंची चौकटीची वेल्डेड स्टील जाळी. ग्रिलला आतून, बाल्कनीला कोनपट्टीवर. फॅब्रिकेटरला सांगताना 'मांजरासाठी' असं सांगा, नाहीतर तो कबुतराच्या हिशेबाने दोन इंची लावून जातो. सेफ्टी डोअरला तीच जाळी वरपर्यंत. खालच्या तीन फुटांना ॲक्रिलिक लावतात लोक, मांजर वरून चढून जातं.

शनिवारपर्यंत एवढं होणार नाही. तोवर बेडरूमची खिडकी बंद. हवा हवी असेल तर काच दोन बोटं उघडी ठेवून रुळात लाकडाचा तुकडा अडकवा, म्हणजे ती आणखी सरकणार नाही. तिसऱ्या मजल्यावरून पडलेलं मांजर पायावर पडतं म्हणून वाचतं असं समजू नका. जबडा, छाती, पाय मोडतात.

आणखी दोन गोष्टी. हायड्रॉलिक बेड उचलून बंद करताना आधी आत बघायचं. वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये हात घालून मगच चालू करायचं. दोन्हीवर चिठ्ठ्या चिकटवा.

चिमटा | बुधवार, सकाळी ८:५०

नखांसाठी खांब घरी करता येतो. दुकानातले बहुतेक दीड फुटी आणि डुगडुगणारे असतात. मांजराला ताणून उभं राहता आलं पाहिजे, म्हणजे किमान ८० सेंटिमीटर.

चार इंची पीव्हीसी पाइप (बाहेरून ११० मिलिमीटर), ८० सेंटिमीटर कापून. खाली १८ मिलिमीटर प्लायचा ४५ बाय ४५ चा पाट, एल पट्ट्यांनी आवळून. पाइपमध्ये तीन-चार किलो कोरडी वाळू, म्हणजे कलंडत नाही. वर १० मिलिमीटरचा घायपाताचा दोर, हार्डवेअरवाला त्याला सायसल म्हणतो. ऐंशी वेढे, प्रत्येकाला साधारण ३८ सेंटिमीटर, म्हणजे तीस मीटर. बत्तीस घ्या. दर दहा वेढ्यांना फेविकॉल, सुरुवात आणि शेवट स्क्रूने.

काथ्या स्वस्त पडतो, पण त्याची कूस घरभर होते आणि दोर महिन्यात सैल पडतो.

पावशेर | बुधवार, सकाळी ९:०२

मराठी संस्थळावर मांजराच्या धाग्यात काथ्याकूट यायला बुधवार उजाडावा लागला, ही प्रगतीच म्हणायची.

गोळी_सकाळ_रात्र | बुधवार, दुपारी ४:३०

डॉक्टरकडे कधी न्यायचं हे कुणी बोललं नाही.

लसींची नोंद व्यवस्थित असेल आणि डोळे-नाक कोरडे असतील तर पहिले दहा-बारा दिवस नेऊ नका. एका स्थलांतराच्या डोक्यावर दुसरा प्रवास कशाला? नोंद नसेल तर मात्र येतानाच वाटेत दाखवा: ट्रायकॅटचे (मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्र लस) दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, रेबीजची लस, जंतांचं औषध आणि रक्ताची एफआयव्ही-ल्युकेमिया (मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारे दोन विषाणू) तपासणी.

पहिल्या पंधरवड्यात शिंका आणि एका डोळ्यातून पाणी आलं तर दचकू नका. बऱ्याच मांजरांच्या अंगात हर्पीस विषाणू सुप्त असतो, ताण आला की डोकं वर काढतो. माणसांना लागत नाही. पण नाक बंद झालं की खाण्याचा वास येत नाही, आणि वास नाही तर मांजर खात नाही. तेव्हा डॉक्टर लागतो. पावसाळ्यात केस गळून गोल चट्टा दिसला तरी दाखवा. नायटा असेल तर तो मात्र मुलाला लागतो.

प्रवास कॅरिअरमध्येच, रिक्षात मांडीवर घेऊन नाही. आधी तीन-चार तास खाणं नाही, कॅरिअरवर चादर. घरी आल्यावर दार उघडून ठेवायचं, ओढून काढायचं नाही. तेच कॅरिअर तिथेच राहू द्या.

दुपारचा_चहा | बुधवार, सायंकाळी ५:१५

आल्या आल्या आंघोळ घालायची ना? बाहेरून येतेय.

चिमटा | बुधवार, सायंकाळी ५:१७

दादा, नको.

कोनाडा | बुधवार, सायंकाळी ५:४०

तिच्या अंगावर तिच्या ओळखीचा एकच वास उरलाय, तो स्वतःचा. तोही धुऊन काढणार?

तिसरा_मजला | बुधवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. पाइप आणला, दोर उद्या. पण माझा मूळ प्रश्न तिथेच आहे. बाथरूम बाद. मग?

ओसरी_दोन | बुधवार, रात्री १०:४२

बाथरूमचं मी मागे घेतो. स्वयंपाकघर?

चिमटा | बुधवार, रात्री १०:५५

तुमच्याकडे ट्रॉली असतील तर नको. ओट्याखाली जमिनीलगतची पट्टी बघा. सिंकच्या पाइपजवळ ती बहुधा कापलेली असते, चार इंचांचं भोक. तिथून मांजर ट्रॉलींच्या पाठीमागे जातं. ट्रॉली ओढून बाहेर काढाव्यात तर ती मागे सरकते, आणि ट्रॉली ढकलताना शेपटी सापडते. ते भोक प्लायचा तुकडा मारून शनिवारच्या आत बंद कराच, ती स्वयंपाकघरात कधीतरी जाणारच आहे.

कोनाडा | बुधवार, रात्री ११:२०

बेडरूमच द्या. तुम्ही तिघं तिथे झोपता ही अडचण वाटतेय ना? तोच फायदा आहे. जागा माणूस उभा असतो, बघतो, हात पुढे करतो. झोपलेला माणूस आडवा, गप्प, डोळे मिटलेला. मांजराच्या दृष्टीने माणसाची ही सगळ्यात सभ्य अवस्था. रात्री दोन-तीनला ती बाहेर येईल, पलंगाभोवती फेरी मारेल, तुमच्या पायांचा वास घेईल. तुम्ही जागे झालात तरी हलू नका.

मांडणी अशी. कपाट आणि भिंत यांमधल्या कोपऱ्यात कॅरिअर, वर अर्धी चादर, शेजारी पुठ्ठ्याचं खोकं आडवं. खोक्याला दोन तोंडं पाडा, म्हणजे कोंडल्यासारखं वाटत नाही. लिटर दारापासून लांबच्या कोपऱ्यात. पलंगाखालची मोकळी जागा सुटकेसींनी बंद करा, तिथे गेली की आठवडाभर तुमचा संबंध नाही. दिवसा कपडे, दप्तर, लॅपटॉप जे लागेल ते सकाळी एकदाच बाहेर काढा. दार उघडण्याच्या फेऱ्या कमी झाल्या तरी पुष्कळ.

अर्धा_कप | बुधवार, रात्री ११:३१

दाराची अडचण होत असेल तर घडीचा ४२ इंची तारेचा पिंजरा मिळतो, तीन बाजूंनी चादर टाकून. लिटर आणि खोकं दोन्ही मावतात.

खिडकीबाई | बुधवार, रात्री ११:४०

पिंजऱ्याला माझा विरोध. चार वर्षं घरभर फिरलेल्या मांजराला कोंडायचं कशाला?

अर्धा_कप | गुरुवार, सकाळी ७:१५

चोवीस तास कोंडायला मीही सांगत नाही. सुतार, पाहुणे, मुख्य दार उघडं राहण्याची वेळ, तेवढ्यापुरतं. गणपतीत तुम्हालाच तो आठवेल.

धाकटी_पाती | गुरुवार, दुपारी १२:२०

सात वर्षांच्या मुलाला काम द्या, नाहीतर तो खोक्यात डोकं घालणार. रोज वीस मिनिटं जमिनीवर, खोक्याकडे पाठ करून बसायचं आणि गृहपाठ मोठ्याने वाचायचा, पाढे म्हटले तरी चालतील. एका सुरातला, न थांबणारा आवाज मांजराला निरुपद्रवी वाटतो. ती जवळ आली तर एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरायचं आणि थांबायचं. तिने गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली तीन सेकंद खाजवायचं, हात मागे. पुन्हा मागितलं तर पुन्हा. पोटाला हात नाही. शेपटीचं टोक फटफट आपटायला लागलं की उठायचं.

तिसरा_मजला | रविवार, सायंकाळी ६:१०

काल दुपारी बाराला आली. खोक्यात शिरली ती अजून तिथेच. तीस तास झाले. भांडं तसंच दिसतंय, लिटरला स्पर्श नाही. सासूबाई दर तासाला विचारतायत. मी घाबरू का?

गोळी_सकाळ_रात्र | रविवार, सायंकाळी ६:२५

आत्ता नाही, पण घड्याळ लावा. एक दिवस न खाणं नव्या घरात नेहमीचं. चोवीस तास उलटले की डॉक्टरांना फोन करून ठेवायचा, अठ्ठेचाळीसला न्यायचंच. उपाशी मांजराच्या अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत बिघडतं, लठ्ठ मांजरात अधिक लवकर. शू अजून रोखून धरली असेल, रात्री जाईल. उद्या सकाळपर्यंत गोळा नाही दिसला तर थांबू नका. हाच बोका असता आणि लिटरमध्ये बसून कण्हत असता, तर आत्ताच्या आत्ता निघा म्हणालो असतो. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दीड-दोन दिवसांत दगावतो.

आणि लांबूनच श्वास मोजा. शांत बसलेली असताना मिनिटाला तीसच्या आत हवेत. तोंड उघडून धापत असेल तर लगेच डॉक्टर.

लंगडी_पळी | रविवार, सायंकाळी ६:३८

'भांडं तसंच दिसतंय' यावर विश्वास ठेवू नका. सुकं खाणं आठ-दहा ग्रॅम गेलं तरी डोळ्याला कळत नाही. रात्री बरोबर ४० ग्रॅम मोजून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. शेजारी चमचाभर ओलं पाकीट, गरम पाण्यात पाकीट धरून अंगाइतकं कोमट केलेलं, म्हणजे वास उठतो. खोक्याच्या तोंडापासून फूटभर. ठेवा आणि दिवा बंद करून झोपा. तासाभराने बघायला जाऊ नका.

तिसरा_मजला | सोमवार, सकाळी ६:३०

डॉक्टरांना फोन झाला, तेही हेच म्हणाले. सकाळी ३१ ग्रॅम! ओलं पूर्ण चाटलेलं. लिटरमध्ये मोसंबीएवढा एक गोळा. सासूबाईंनी सगळ्या वाडीला फोन करून गोळ्याचा आकार सांगितलाय.

पावशेर | सोमवार, सकाळी ६:४५

अभिनंदन. एक शास्त्रीय शंका: पावसाळ्यात सुकं खाणं दमट होऊन वजन वाढतं, म्हणजे तिने नऊपेक्षा जास्तच खाल्लं. दुसऱ्या खोलीत तेवढंच खाणं ठेवून तेही मोजत जा.

लंगडी_पळी | सोमवार, सकाळी ७:०५

पहिल्यांदाच पावशेर यांच्याशी मनापासून सहमत.

तिसरा_मजला | पुढचा सोमवार, रात्री ९:५०

दहा दिवस झाले. रोज ४५ ते ५० ग्रॅम, तीन गोळे. शेपटी उभी करून मुलाच्या पायाला घासते. पण पहाटे चारला दाराशी बसून ओरडते. दार उघडू का?

कोनाडा | पुढचा सोमवार, रात्री १०:२०

चारला उघडू नका, नाहीतर ओरडलं की दार उघडतं हे पाठ होईल. झोपण्याआधी दोरीच्या काठीने पंधरा मिनिटं पळवा, शेवटी दोरी 'पकडू' द्या आणि लगेच रात्रीचं खाणं. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा तिचा क्रम असतो.

दार उघडायचं दुपारी, घर शांत असताना, मुख्य दार आणि बाल्कनी बंद करून, एक तास. आदल्या दिवशी तिच्या गालांवरून मऊ सुती मोजा फिरवा आणि तोच हॉलमधल्या चौकटी, सोफ्याचे कोपरे, टीव्हीचं टेबल यांना जमिनीपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीवर पुसा. बाहेर आल्यावर उचलून फिरवू नका. परत बेडरूममध्ये पळाली तर पळू द्या, ते दार मागे उघडंच हवं.

तिसरा_मजला | पुढचा सोमवार, रात्री १०:३५

मोजा मुलाचा घेतला. लिटर बॉक्स बेडरूममधून बाल्कनीत कधी न्यायचा?

अर्धा_कप | पुढचा सोमवार, रात्री १०:५०

एकदम उचलून नाही. आणखी आठवडाभराने, रोज एक-एक फूट सरकवा. जुन्या जागी जाऊन शू केली तर दोन फूट मागे आणून तिथे चार दिवस थांबा. आणि सांडलेली शू फिनेलने पुसू नका, एन्झाइमवाला क्लीनर ओतून पंधरा मिनिटं ओला राहू द्या.

पावशेर | पुढचा सोमवार, रात्री १०:५५

बेडरूम ते बाल्कनी बावीस फूट धरले तर बावीस दिवस. आठवड्याने निघाला तर टब ऐन गणपतीत बाल्कनीत.

खिडकीबाई | पुढचा सोमवार, रात्री ११:०२

बाल्कनीत पाऊस येतो ना? वाऱ्याबरोबर दोन शिंतोडे आले की अख्ख्या टबाचा एकच गोळा होईल, आठ किलोचा. शिवाय जाळी अजून कबुतरांचीच आहे. बाथरूमबाहेरच्या बोळात, वॉशिंग मशीनशेजारी ठेवा. किती फूट?

तिसरा_मजला | पुढचा सोमवार, रात्री ११:१०

टेप लावून मोजलं. नऊ.